भाकरवाले साडूभाऊ

बीड जिल्ह्यात जळण्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. कुणाच्या विहिरीला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं, कुणाचा मुलगा पहिल्याच फटक्यात फौजदार होतो, कुणाची गाडी पुढाऱ्याच्या गाडीमागं धावायला लागते. पण ज्याच्यावर पोटभर, मनापासून, सकाळच्या चहापासून जेवणानंतरच्या बडीशेपेपर्यंत जळत राहावं असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात तुलनेसाठी तयार झालेलं आहे. दोन परकी माणसं एकाच सासऱ्याच्या तराजूत समोरासमोर बसवायची आणि काटा कुणीकडं झुकतो ते सगळ्या सासुरवाडीनं बघत बसायचं, यापलीकडं या नात्याला काही प्रयोजन असेल असं मला वाटत नाही. मी केजच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. मला डॉक्टरेट आहे. तो परळीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. त्याला डॉक्टरेट नाही. मी थोरला जावई, तो धाकटा. हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण सासुरवाडीत हे कुणीही, कधीही, कुणालाही सांगत नाही.

त्याचं वेड असं, की त्याला जिवाणूंचे गोल नकाशे काढायचा नाद होता. जिवाणूच्या इवल्याशा पेशीत त्याची सगळी जनुकं एका लांबलचक धाग्यावर ओवलेली असतात, आणि बहुतेक जिवाणूंत त्या धाग्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात. म्हणजे कडंच म्हणा ना. त्याचा नकाशा काढायचा तर तो गोलच काढावा लागतो: सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळावर एका दिशेनं वाचायची जनुकं, त्याच्या आत उलट दिशेनं वाचायची, आणखी आत एकदोन रंगीत कडी, आणि भोवती सूर्याच्या किरणांसारखी जनुकांची नावं. अशी चित्रं काढून देणारी सॉफ्टवेअरं जगात खूप आहेत. माझ्या साडूनं ती सगळी वापरली होती आणि त्यांतल्या एकाशीही त्याचं पटलेलं नव्हतं. बाजारात बैल पारखणारा माणूस जसा दात बघतो, शेपटी पिरगाळतो आणि मग तोंड वाकडं करून पुढच्या दावणीकडं जातो, तसा तो एकेक सॉफ्टवेअर पारखायचा. "हे बघा साडूभाऊ, हे लई देखणं हाय," तो मला सांगायचा, "पर एक चित्र काढाया याला सतरा ठिकानी अर्ज द्यावा लागतो. तहसीलमधीच जन्मलंय जनू." दुसरं एक अगदी सोपं होतं, फाइल टाकली की आपोआप चित्र देणारं. त्याच्याबद्दल तो म्हणायचा, "चित्र देतंय, पर नावं कशी बसवतंय बघा. केजच्या जीपमधी मान्सं कोंबल्यावानी. ह्याचा पाय त्याच्या मांडीवर, त्याचं मुंडकं खिडकीभाईर."

नावं एकमेकांवर चढलेली त्याला सहनच व्हायची नाहीत. सगळ्या जगाकडं तो याच नजरेनं बघायचा. एकदा आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरला एका चर्चासत्राला गेलतो. परत येताना मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ढाब्याच्या पाटीवर 'शेवभाजी' आणि 'शेवग्याची शेंग' ही दोन नावं रंगाऱ्यानं इतकी जवळ लिहिली होती, की 'शेवभाजीशेव' असा एक नवाच पदार्थ तयार झालता. माझं लक्षही गेलं नव्हतं. याला घास जाईना. मालकाला बोलावून त्यानं खडूनं भिंतीवर आखून दाखवलं की कोणतं नाव कुठं सरकवायचं, कुठून बारीक रेघ ओढायची आणि अक्षरं किती तिरपी करायची. मालक आधी हसला, मग ऐकायला लागला, आणि शेवटी म्हणाला, "बसा पेंटरसाहेब, भाजी आमच्याकडून." त्याला पेंटर म्हटलेलं ऐकून माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला. पण तो थंडावा फार टिकला नाही. पुढच्या वेळी गेलो तर पाटी त्यानं सांगितलेल्या बेताप्रमाणं रंगवलेली होती, आणि मालक त्याच्यासाठी आतून स्वतंत्र खुर्ची आणत होता. मी बाकड्यावर.

जगातली सगळी सॉफ्टवेअरं नापास झाल्यावर त्यानं स्वतःच एक लिहायला घेतलं. वनस्पतिशास्त्राचा माणूस, संगणकाचा एकही कोर्स केलेला नाही, पण पुस्तकं आणून, इंटरनेटवर लोकांशी भांडून, कॉलेज सुटल्यावर घरी बसून त्यानं ते पुरं केलं. नाव काय ठेवावं हे सुचत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं बायकोला विचारलं. ती तव्यापाशी होती. ती वैतागून म्हणाली, "आधी भाकर घ्या." यानं तेच उत्तर मानलं. सॉफ्टवेअरचं नाव पडलं 'भाकर', आणि त्याच नावानं ते सगळ्यांना फुकट वापरायला इंटरनेटवर ठेवलं गेलं.

आता मला सांगा, यात जगानं हुरळून जाण्यासारखं काय होतं? पण जग हुरळलं. कुठल्या कुठल्या देशांतले संशोधक आपल्या निबंधात लिहायला लागले की सोबतचा नकाशा भाकरच्या साहाय्यानं काढला आहे. त्यात नावं एकमेकांवर चढत नाहीत, रंग डोळ्यांना टोचत नाहीत, आणि काही चुकलं तर सॉफ्टवेअर काय चुकलं ते सरळ भाषेत सांगतं, असं त्यांचं म्हणणं. परदेशातली तरुण मुलं-मुली त्याला ईमेल पाठवायची; त्यांची सुरुवात 'आदरणीय डॉक्टर भाकर' अशी असायची. डॉक्टर! ज्याला डॉक्टरेट नाही त्याला डॉक्टर, आणि आडनावाच्या जागी ज्वारीची भाकर! मी त्याला म्हटलं, "अहो, त्यांना कळवा की तुम्ही डॉक्टर नाही." तो म्हणाला, "कावून? त्यांचं काय अडलंय का?" माझे निबंध वाचणारे जगात दोघेच होते, मी आणि माझे मार्गदर्शक, आणि त्यांतले मार्गदर्शक निवृत्त झाले होते. पुढं एका चर्चासत्रात मी माझा निबंध वाचला, तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी तो संपल्यावर मला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही बीड जिल्ह्यातले ना? मग भाकरवाल्यांना ओळखत असाल!"

सासुरवाडीत तर बोलायलाच नको. सासरे जुने जमीनदार, तलाठी-तहसीलदारांशी झुंजण्यात हयात गेलेली. जिवाणू म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण धाकट्या जावयानं एकदा लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला आणि ते खूश झाले. त्यांना तो जमिनीचा नकाशा वाटला. कुठलं जनुक कुठं सुरू होतं, कुठं संपतं, शेजारी कोण, हद्द कुठली, सगळं कसं साफ! तेव्हापासून पारावर बसणाऱ्या कुणालाही ते सांगायचे, "आमचे धाकले जावई जिवानूचा सातबारा काढत्यात. मोजनीदार झक मारंल असं काम हाय." कुणी विचारलंच की थोरले काय करतात, तर म्हणायचे, "ते बी त्याच लाइनीत हायेत." मी! त्या लाइनीत! ती लाइन मीच त्याला दाखवली होती.

असं सगळं चाललेलं असताना मला माझा जिवाणू सापडला. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची राख जिथं साठते, तिथल्या मातीत काहीच जगत नाही असं लोक समजतात. मी तिथली माती आणून कित्येक महिने आमच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बशांवर पेरत राहिलो आणि शेवटी त्यातून एक जिवाणू वाढला. राखेतले विषारी धातू पचवून हा गडी खुशाल जगत होता. त्याच्या धाग्याचं वाचन मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून करून घेतलं. पूर्ण कडं जुळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात असं काही आलं होतं, जे साडूकडं नव्हतं. निबंध लिहिला. राहिला फक्त गोल नकाशा.

भाकर वापरायची नाही, असं मी ठरवलं. जगात इतर सॉफ्टवेअरं काय मेली होती? मी त्या सोप्या सॉफ्टवेअरवर फाइल टाकली, चित्र आलं, ते जोडून निबंध पाठवून दिला. परीक्षकांचं उत्तर आलं: काम महत्त्वाचं आहे, पण नकाशा वाचता येत नाही, तो नीट काढून दिल्याशिवाय पुढं विचार होणार नाही. मग मी त्या सतरा अर्जांच्या सॉफ्टवेअरशी झटापट केली. त्यानं मला चित्र दिलंच नाही, नुसती लाल अक्षरांत दूषणं दिली. मुदत जवळ आली. जेवण अर्धवट टाकून मी लॅपटॉपपाशी बसायला लागलो. बायकोनं मला काही विचारलं नाही, बहिणीला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर लॅपटॉप, स्वतःचा कीबोर्ड आणि बसायची स्वतःची उशी बांधून साडू परळीहून केजला दारात हजर. "काय साडूभाऊ," तो चप्पल काढता काढता म्हणाला, "शेवटी भाकरच खावी लागली न्हवं?"

दोन दिवस त्यानं आमच्या बैठकीत मुक्काम ठोकला. वीज गेली की तो ओट्यावर जाऊन शेजाऱ्यांना जिवाणू समजावून सांगायचा, आली की पळत आत यायचा. माझ्या जिवाणूची जनुकं त्यानं अशी मांडली, की मलाही माझा जिवाणू पहिल्यांदाच धड दिसला. मी मागं उभा राहून बघत होतो आणि जळत होतो. मग तो आतलं एक कडं काढायला लागला. जनुकांच्या भाषेतल्या चार अक्षरांत जी आणि सी अशी दोन असतात. कड्याच्या एका अर्ध्या भागात जी जास्त भरतो, दुसऱ्या अर्ध्यात सी. हे नकाशात दाखवलं की अर्धं कडं हिरवं दिसतं, अर्धं जांभळं. माझ्या जिवाणूच्या हिरव्या भागात मधेच एक ठसठशीत जांभळा तुकडा उमटला. साडूनं मान वाकडी करून बघितलं, उशी सरकवली, पुन्हा बघितलं.

"साडूभाऊ, हे इस्कटलंय."

"काय इस्कटलंय?"

"तुकडा उलटा धरला की जीच्या जागी सी येतो. हा तुकडा उलटा जोडलाय. पुन्यावाल्यांनी सगळे बारके तुकडे जोडून कडं केलं न्हवं? त्यात ही एक बाही उलटी शिवली. लई मोठी चूक हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धातू पचवणारी जनुकं नेमकी त्याच तुकड्याच्या टोकाला होती. तुकडा चुकीचा म्हणजे माझा सगळा निबंध चुकीचा. मी म्हणालो, "तुम्ही चित्रं काढा. जिवाणूचं मी बघतो."

"चित्र कावून खोटं बोलंल?"

"चित्राला काय कळतं? जिवाणू मी वाढवलाय. राखेत उभा मी राहिलो. तुम्ही नुसत्या रेघा मारता!"

  त्यानं लॅपटॉप बंद केला, कीबोर्ड पिशवीत घातला आणि जेवण न करता निघाला. बायको माझ्याकडं बघत होती आणि मी उशीकडं. ती तो विसरून गेला होता.

त्याला खोटं पाडायचं या एकाच इराद्यानं मी कामाला लागलो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना जिथं सांधा होता, तिथला धागा थेट जिवाणूतून उचलून तपासायचं ठरवलं. सांधा नकाशात दाखवल्यासारखा असेल तरच चाचणीत पट्टी दिसणार होती. तुकडा पुण्यात चुकून उलटा शिवला असेल तर काहीच दिसणार नव्हतं. आमच्या कॉलेजातलं जुनं यंत्र, त्यात विजेचा लपंडाव, त्यामुळं चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागली. शेवटी एका दुपारी पट्टी दिसली. दोन्ही सांध्यांवर. स्वच्छ. तुकडा खरंच तसाच होता. पुण्याच्या लोकांनी काही चूक केली नव्हती. माझ्या जिवाणूनंच कधीतरी आपल्या धाग्याचा एक तुकडा उचलून उलटा लावून घेतला होता. आणि तो उलटल्यामुळंच धातू पचवणारी जनुकं एका दुसऱ्या जनुकाला चालू करणाऱ्या बटनाशेजारी येऊन बसली होती, म्हणून ती एवढ्या जोमानं काम करत होती. जिवाणू राखेत का जगतो, याचं उत्तर त्या जांभळ्या तुकड्यात होतं.

मी साडूला फोन लावला. केवढा आनंद झाला होता मला! म्हणालो, "तुम्ही चुकलात. तुकडा खरा आहे."  पलीकडून तो असा ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "चुकलो? खरंच चुकलो? आरं बाप रं! म्हंजी त्या जिवानूनं सोताच पालटी मारली! लई भारी चुकलो की वो, साडूभाऊ!" संध्याकाळच्या आत तो मोटारसायकलवर परळीहून केजला आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. स्वतः चुकल्याचे पेढे! अर्ध्या गल्लीला त्यानं ते वाटले. त्या दिवशी मला कळलं की या माणसासारखं नुसतं चुकताही आपल्याला येणार नाही.

निबंध छापून आला, आणि ज्या मासिकात आला त्यांनी मुखपृष्ठावर साडूचा नकाशा घेतला. खाली त्याचं नाव, ठळक. माझं नाव आत, जिथं सगळ्यांची असतात तिथं. लोकांनी विचारलं, तो तुकडा कुणाच्या लक्षात आला? मी खरं तेच सांगितलं, आणि मग कुणी पुढचं ऐकेना. म्हणजे चुकला तो, बरोबर मी, आणि वाहवा त्याची! सासऱ्यांनी ते मुखपृष्ठ मोठं करून, काचेत घालून बैठकीत लावलं. वाडीवस्तीवरच्या बायकांना ते कुठलंतरी पूजेचं यंत्र वाटलं असावं, कारण पुढच्या खेपेला मी गेलो तर काचेवर मधोमध हळदीकुंकू होतं. माझ्या राखेतल्या जिवाणूला हळदीकुंकू! सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लोकांची श्रद्धा हाय." मीही मग चप्पल काढून पाया पडलो. जिवाणूच्या.

त्यानंतर काही दिवसांनी साडूला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेनं बोलावलं, भाकर घेऊन या म्हणाले. त्या संस्थेच्या नुसत्या फाटकाचा फोटो मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दाखवत आलो होतो. त्याला निरोप द्यायला आम्ही परळीच्या स्टेशनवर गेलो. मी मनातल्या मनात जळायची सगळी तयारी करून गेलो होतो. गाडी उशिरा होती. तो फलाटावरच्या गाड्यांच्या फलकाकडं बघून वैतागत होता, कारण दोन गाड्यांची नावं एकमेकींत घुसली होती. बायका बोलत होत्या, आम्ही दोघं बाकड्यावर.  गाडी दिसायला लागली तसा तो उठला, सामान उचललं आणि म्हणाला, "पुढचा जिवानू कधी काढताय?"

मी म्हणालो, "बघू."

"बघू न्हाई. काढा. मी हाय."

गाडी गेली. त्यानंतर सासुरवाडीत माझा मान फार वाढला. पाटावर पहिला मी, आग्रह मला, प्रश्न मला. पारावर सासऱ्यांनी एकदा माझी ओळख करून देताना मी डॉक्टर असल्याचंसुद्धा सांगितलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं ताटात येऊन पडलं होतं, आणि मला भूक नव्हती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी त्या सगळ्यांना साडूच्याच गोष्टी सांगत होतो, त्या रंगवून, पदरच्या घालून.

गेल्या हिवाळ्यात मला दुसरा एक जिवाणू मिळाला. या खेपेला नकाशा मी स्वतः काढला, भाकरवरच, पण नावं हट्टानं स्वतःच्या हातानं बसवून, कुणाला न विचारता. बायकोला दाखवला, ती म्हणाली छान आहे. प्राचार्यांना दाखवला, ते म्हणाले छान आहे. मग तो मी साडूला मोबाइलवर पाठवला आणि फोन ताटाशेजारी ठेवून जेवायला बसलो. आता तो रंगांना शिव्या देणार, मग नावांना, मग मला; मी कुठली कुठली उत्तरं द्यायची तेही ठरवून ठेवलं होतं. त्यानं निरोप पाहिल्याची खूण आली.  चहाच्या वेळेला उत्तर आलं:

"छान आहे, सर. शुभेच्छा."

मी चष्मा लावला आणि नकाशा पुन्हा नीट पाहिला. उजव्या बाजूला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, दोन जनुकांची नावं एकमेकांवर चढली होती. ती त्याला दिसली नसतील, हे शक्यच नव्हतं.